फ्रेडरिक सेलू : आफ्रिकेच्या अरण्याचा सत्यनिष्ठ बखरकार

शिकारीची गोष्ट आवडत नाही असा मुलगा विरळा. संध्याकाळी चार माणसे ओटीवर बसली आणि कोणी वाघाची गोष्ट काढली, म्हणजे हातातले पुस्तक मिटून मुले कान टवकारतात, हे सर्व पालकांच्या अनुभवाचे आहे. परंतु या गोष्टींना एक खोड जडलेली असते. सांगणाऱ्याच्या प्रत्येक कथनात वाघ वीतभर वाढतो आणि बंदूक झाडणाराचे धैर्य हातभर वाढते. पराचा कावळा करावा तो शिकाऱ्यानेच, अशी लोकांची समजूत झाली आहे ती उगीच नव्हे. म्हणूनच, ऐन तारुण्याची वीस वर्षे हत्ती आणि सिंह यांच्या मागे घालवूनही, लेखणी हाती घेतल्यावर ज्यांनी पर तो पर म्हणूनच दाखविला, अशा एका पुरुषाचे चरित्र आम्ही यंदा आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहो. त्यांचे नाव फ्रेडरिक कोर्टनी सेलू. नावाच्या इंग्रजी लेखनात अखेरीस एक 'स' येतो. परंतु तो उच्चारीत नाहीत.

आफ्रिकेतील शिकारीच्या प्रवासाला 'सफारी' असे नाव सर्व जगात रूढ आहे. हा शब्द पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेतला असून त्याचा अर्थ केवळ प्रवास एवढाच आहे. तो अरबीतून तिकडे गेला, आणि त्याच अरबी मुळापासून आपल्या मराठीतील 'सफर' हा शब्द आला. म्हणजे शब्द आपल्या ओळखीचाच, फक्त दुसऱ्या किनाऱ्याला लागलेला. या सफरींची वर्णने लिहिणाऱ्यांची परंपरा इंग्रजीत मोठी आहे. गॉर्डन-कमिंग, बाल्डविन, पॅटर्सन इत्यादी नावे त्या वाङ्मयात प्रसिद्ध आहेत. परंतु सिंह कसा राहतो, गेंडा कसा वागतो, हत्तीचा कळप कोठून कोठे जातो, याविषयी भरवशाचा साक्षी पाहिजे असेल, तर प्राणिशास्त्रज्ञ ज्यांच्याकडे प्रथम वळत, ते सेलू होत.

त्यांचा जन्म ३१ डिसेंबर १८५१ रोजी लंडन शहरात झाला. त्यांचे पूर्वज फ्रान्सातील प्रॉटेस्टंट पंथाचे होते. वडील लंडनच्या शेअरबाजारातील मोठे अधिकारी, आई कविता करणारी. घरी कशाची वाण नव्हती. मुलाने वैद्यकीचा अभ्यास करून प्रतिष्ठित डॉक्टर व्हावे अशी घरच्यांची इच्छा होती. परंतु मुलाचे मन लहानपणीच दुसरीकडे गुंतले होते. डॉक्टर लिव्हिंग्स्टन यांचे प्रवासवर्णन व बाल्डविनचे शिकारीचे पुस्तक त्याने पुन्हा पुन्हा वाचले होते. शाळेच्या वसतिगृहात एके रात्री गुरुजी फेरी घालीत असता हा मुलगा बिछाना सोडून नुसत्या सदऱ्यावर उघड्या फरशीवर निजलेला त्यांना आढळला. कारण विचारता त्याने शांतपणे सांगितले, की पुढे आफ्रिकेत शिकारी व्हावयाचे असल्यामुळे भुईवर निजण्याची सवय आतापासूनच करीत आहे. गुरुजींना हसू आले असेल. परंतु मुलाने शब्द खरा केला.

त्याच्या अंगचे प्रसंगावधान लवकरच एका भयंकर प्रसंगी दिसून आले. १५ जानेवारी १८६७ रोजी लंडनच्या रीजंट्स पार्कमधील गोठलेल्या तळ्यावर शेकडो लोक बर्फावरून घसरण्याचा खेळ खेळत असता बर्फ एकाएकी फुटले आणि सुमारे २०० माणसे पाण्यात पडली. त्यांपैकी ४० दगावली. पंधरा वर्षांचा फ्रेडरिक सुटीत घरी आला होता आणि तोही त्या वेळी बर्फावरच होता. इतर लोक काठाकडे धाव घेत असता हा मुलगा पोटावर सपाट पडून राहिला, आणि बर्फाच्या एका तुकड्यावरून दुसऱ्यावर सरपटत काठास लागला. उभ्या माणसाचा भार एका जागी पडतो, आडव्याचा पसरतो, ही साधी गोष्ट त्याच्या ऐन वेळी ध्यानात आली, म्हणून तो वाचला.

रग्बी येथील प्रसिद्ध शाळेतून बाहेर पडल्यावर त्याला स्वित्झर्लंड व जर्मनी येथे शिकण्यास पाठविले. पुस्तकांपेक्षा पक्ष्यांची घरटी त्याला अधिक प्रिय होती, आणि त्या नादात राखीव रानातील अंडी काढल्यावरून जर्मनीतील एका वनरक्षकाशी झटापट होऊन त्याला तो देशही सोडावा लागला! शेवटी घरच्यांनी हात टेकले. ४ सप्टेंबर १८७१ रोजी, वयाला वीस वर्षे पुरी होण्यापूर्वी, खिशात ४०० पौंड घेऊन सेलू दक्षिण आफ्रिकेच्या अल्गोआ उपसागरात उतरले.

आरंभ काही शुभ झाला नाही. हिऱ्यांच्या खाणींच्या गावी त्यांची उत्तम विलायती रायफल चोरीस गेली. मग त्यांनी दोन स्वस्त व अवजड अशा ठासणीच्या बंदुका विकत घेतल्या. या बंदुकीची गोळी पाव रत्तल वजनाची असे. कमरेच्या चामड्याच्या पिशवीतून मूठभर दारू काढून ती नळीत ओतावयाची आणि वरून गोळी ठासावयाची. बार उडाला म्हणजे जनावरापुढे जेवढा धक्का बसे, तेवढाच झाडणाराच्या खांद्यालाही बसे.

त्या काळी लिंपोपो नदीच्या उत्तरेस मटाबेले लोकांचे राज्य होते. त्यांना आता न्देबेले असे म्हणतात. त्यांचा राजा लोबेंगुला याच्या परवानगीवाचून तेथे कोणालाही शिकार करता येत नसे. १८७२ साली सेलू त्याच्यापुढे उभे राहिले आणि हत्तींच्या शिकारीची परवानगी मागू लागले. राजाने या कोवळ्या पोरास न्याहाळून पाहिले आणि, हा हत्ती मारावयास आला नसून छोटी हरणे मारावयास आला असेल, अशी थट्टा केली. तथापि त्याने मोकळ्या मनाने परवानगी दिली. हा उपकार वाचकांनी लक्षात ठेवावा. त्याचा संबंध पुढे येणार आहे.

हत्ती ज्या मुलखात होते, तेथे त्सेत्से नावाची माशी असे. तिच्या दंशाने घोडे व बैल मरतात. तेव्हा गाडी मागे ठेवून, नुसता सदरा, टोपी व पायांत चामडी जोडे घालून, स्थानिक माग्यांच्या सोबतीने कोसचे कोस पायी धावत हत्तीचा पाठलाग करावा लागे. १८७२ ते १८७४ या तीन हंगामांत सेलू यांनी ७८ हत्ती मारले, आणि त्यांतील एक वगळता सारे पायी. हस्तिदंत विकून पोट भरावयाचे, हाच तेव्हा त्यांचा धंदा होता.

या वर्षांचा वृत्तांत त्यांनी १८८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पहिल्या ग्रंथात दिला आहे. 'आफ्रिकेतील एका शिकाऱ्याची भटकंती' असे त्याचे नाव मराठीत सांगता येईल. या पुस्तकाची गोडी कशात आहे, हे आम्हांस विद्यार्थ्यांच्या दृष्टीस आणावयाचे आहे. दुसरा लेखक असता तर त्याने आपले पराक्रम पुढे मांडले असते आणि फजिती झाकली असती. सेलू यांनी दोन्ही एकाच सुरात सांगितली आहेत. नवखेपणी जिराफांच्या मागे घोडा दामटीत ते सोबत्यांपासून चुकले. घोडाही निघून गेला. चार दिवस व तीन रात्री अन्नपाण्यावाचून, पांघरुणावाचून, कडाक्याच्या थंडीत ते रानात भटकले. हे सारे त्यांनी जसे घडले तसे लिहिले आहे. एकदा बार न उडालेल्या बंदुकीत नोकराने चुकून दुसऱ्यांदा दारू व गोळी ठासली. हत्तीवर नेम धरून चाप ओढताच बंदुकीच्या धक्क्याने सेलू मागे फेकले गेले, गाल फाटला, खांदा निकामी झाला. त्या अवजड बंदुकांनी आपल्या शरीराची जन्माची हानी केली, हेही त्यांनी कबूल केले आहे. लोक त्यांच्या नावावर शेकडो सिंह मांडीत. त्यांचा स्वतःचा हिशेब मात्र तिसांच्या आसपास थांबे, कारण स्वतःच्या गोळीने पडलेला सिंहच ते आपला म्हणत.

साहस सांगण्याजोगे नव्हते असे मात्र नाही. १८८८ च्या जुलै महिन्यात झांबेझी नदीच्या उत्तरेस इला लोकांच्या मुलखात त्यांच्या तळावर रात्री एकाएकी हल्ला झाला. त्यांची बारा माणसे ठार झाली, उरलेली पांगली. सेलू अंधारात उंच गवतात शिरले, काफुए नदी पोहून गेले, आणि हाती एक रायफल व मोजकी काडतुसे घेऊन एकटेच दक्षिणेकडे चालू लागले. पुढे एका गावात थकून झोपले असता ती रायफलही गेली. अशा स्थितीत कित्येक दिवस चालून ते वाचलेल्या सोबत्यांना जाऊन मिळाले. ही हकीकत वाचताना अंगावर काटा उभा राहतो. परंतु लेखकाने काटा उभा करण्यासाठी एकही शब्द खर्चिलेला नाही.

या पुस्तकांचा प्रभाव दूरवर पडला. १८८५ साली रायडर हॅगर्ड यांची 'किंग सॉलोमन्स माइन्स' ही कादंबरी निघाली. तिचा नायक ॲलन क्वाटरमेन हा सेलू यांच्यावरून सुचला, असे पुष्कळ लोक मानतात. वस्तुसंग्रहालयांसाठी प्राण्यांचे नमुने जमविण्याचे कामही याच काळात त्यांनी हाती घेतले. ज्या देशाचे नीट नकाशे नव्हते, तेथील नद्या व डोंगर त्यांनी मोजून मांडले. त्याबद्दल लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८९३ साली त्यांना आपले सुवर्णपदक दिले. एका मुंगुसास व पाणथळीत राहणाऱ्या सिटाटुंगा हरणाच्या एका जातीस शास्त्रज्ञांनी त्यांचे नाव दिले आहे.

येथपर्यंत चरित्र सरळ आले. आता जो भाग येतो, तो सांगताना आमची लेखणी थोडी अडखळते. परंतु सत्यनिष्ठ माणसाचे चरित्र अर्धेच सांगणे हा त्याच्यावर अन्याय होईल.

१८८९ साली सेसिल ऱ्होड्स यांच्या कंपनीस ब्रिटिश सरकारची सनद मिळाली, आणि पुढच्या वर्षी त्या कंपनीने माशोनालँड व्यापण्यासाठी सुमारे २०० वसाहतवाले व त्यांच्या रक्षणासाठी शिपायांची तुकडी पाठविली. या तुकडीला वाट दाखविली ती सेलू यांनी. वीस वर्षांत पायांखाली घातलेली एकेक टेकडी व एकेक ओढा त्यांच्या ध्यानात होता. लोबेंगुलाच्या मुख्य मुलखास वळसा घालून, रान तोडीत, सुमारे ४०० मैलांचा रस्ता त्यांनी काढून दिला, आणि १३ सप्टेंबर १८९० रोजी ज्या जागी निशाण उभारले, तेथे पुढे सॉल्सबरी शहर वसले. आज ते झिंबाब्वेची राजधानी हरारे या नावाने प्रसिद्ध आहे. तीन वर्षांनी, १८९३ साली, कंपनीचे मटाबेले लोकांशी युद्ध झाले. सेलू त्यात लढले व जखमी झाले. लोबेंगुला राज्य सोडून पळाला आणि परागंदा स्थितीत मरण पावला.

ज्या राजाने वीस वर्षांच्या परक्या पोरास हसून आपले रान मोकळे केले, त्याच राजाचे राज्य बुडविणाऱ्यांच्या पंक्तीत तो पोर मोठेपणी बसला. नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा आमच्या विद्यार्थ्यांना पवित्र शास्त्राच्या तासाला शिकविली जाते. दुसऱ्याची वडिलोपार्जित जमीन बलवंताने घ्यावी, हे अहाबाच्या काळी पाप होते आणि कंपनीच्या सनदेने ते पुण्य होत नाही. सेलू यांना हा व्यवहार न्याय्य वाटत होता, तेथे गोऱ्यांची सत्ता येणे अटळ व हितकारक आहे अशी त्यांची समजूत होती, हे त्यांच्या लेखनावरून दिसते. त्यांच्या काळातील बहुतेक इंग्रजांची तीच समजूत होती. यावरून दोष उणा होत नाही. मात्र, जनावराच्या पाऊलखुणा अचूक वाचणारा डोळा आपल्या स्वार्थाजवळ कसा मंद होतो, एवढे आम्ही शिकावे.

तथापि येथेही त्यांच्यातला साक्षीदार अगदीच निजला नव्हता. १८९६ साली मटाबेले लोकांनी उठाव केला. त्यात सेलू यांचे घर जळाले. त्यांनी शस्त्र घेतले. आणि त्याच वर्षी त्या उठावाचा वृत्तांत लिहिला. पुस्तक वसाहतवाल्याच्या बाजूचे आहे, हे उघड आहे. परंतु लोकांची गुरे कंपनीने नेली, कारभार चुकला, त्यामुळे असंतोष वाढला, हेही त्यात नमूद आहे. पुढे १८९९ साली इंग्रज व बोअर यांच्यात युद्ध सुरू झाले. सारे इंग्लंड रणमदाने धुंद झाले असता, हे युद्ध अन्यायाचे आहे असे सेलू यांनी उघडपणे वर्तमानपत्रांत लिहिले. तरुणपणी बोअर लोकांच्या घरी ते राहिले होते, त्यांचे मीठ खाल्ले होते. या मताबद्दल त्यांना पुष्कळांचा रोष पत्करावा लागला. लोबेंगुलाच्या बाबतीत जी न्यायबुद्धी त्यांना सुचली नाही, ती बोअरांच्या बाबतीत सुचली. माणूस सर्वत्र सारखा सरळ नसतो.

१८९४ साली विवाह करून ते पुढे इंग्लंडात सरे परगण्यातील वर्पल्सडन या गावी स्थायिक झाले. घराशेजारी त्यांनी आपले संग्रहालय बांधले. आशिया मायनर, कॅनडा, नॉर्वे इत्यादी देशांत त्यांच्या सफरी चालूच होत्या. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे त्यांच्या पुस्तकांचे चाहते होते. जे जे डोळ्यांनी पाहिले ते शास्त्राच्या उपयोगासाठी लिहून ठेवा, असा आग्रह त्यांनी धरला, आणि त्यातून १८०८ नव्हे, १९०८ साली, म्हणजे वयाच्या ५६ व्या वर्षी, 'आफ्रिकेच्या निसर्गाची टिपणे व आठवणी' हा सेलू यांचा ग्रंथ निघाला. रूझवेल्ट यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. १९०९ साली अध्यक्षपद सोडताच रूझवेल्ट आफ्रिकेच्या सफरीस निघाले. त्या सफरीची आखणी करण्यास सेलू यांनी साहाय्य केले आणि नेपल्सपासून मोंबासापर्यंत दोघे एकाच बोटीने गेले. आणखी एका पुस्तकाशी त्यांचा संबंध आहे, आणि तो आपल्या देशाशी जुळतो. १८९८ साली पूर्व आफ्रिकेत त्सावो नदीवर रेल्वेचा पूल बांधताना दोन नरभक्षक सिंहांनी अनेक आफ्रिकन लोक आणि २८ हिंदुस्थानी मजूर मारले. त्या सिंहांना मारणाऱ्या पॅटर्सन यांनी १९०७ साली लिहिलेल्या पुस्तकास प्रस्तावना आहे ती सेलू यांचीच.

'टिपणे व आठवणी' हा ग्रंथ आम्हांस त्यांच्या सर्व लेखनात श्रेष्ठ वाटतो. त्यात शिकार थोडी व निरीक्षण फार. उदाहरणार्थ, झेब्र्याचे पट्टे व जिराफाचे ठिपके त्यांना शत्रूपासून लपविण्यासाठी आहेत, असे त्या वेळचे पंडित घरी बसून सांगत. सेलू यांनी विचारले, की सिंह बहुधा रात्री आणि वासाच्या मागाने शिकार करतो, तर अंधारात रंगाचा उपयोग काय? त्यांची शंका खोटी ठरली नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या व त्यानंतरच्या संशोधनात, झेब्र्याचे पट्टे चावऱ्या माश्यांना दूर ठेवतात असे दिसून आले आहे. आणि या माश्यांत ज्या त्सेत्से माशीने सेलू यांना पायी चालावयास लावले, तीही येते.

याच ग्रंथात एक प्रकरण असे आहे, की ते वाचल्यावर शिकारीच्या पुस्तकाकडे पाहण्याची आमची दृष्टीच बदलली. ते प्रकरण दक्षिण आफ्रिकेतील वन्य प्राणी कसे कमी होत गेले व कसे नाहीसे झाले, याविषयी आहे. सेलू आफ्रिकेत उतरले तेव्हा अर्ध्या अंगावर पट्टे असलेला क्वागा नावाचा प्राणी अगदी नामशेष होत आला होता. १८८३ साली त्यातला शेवटचा ॲमस्टरडॅम येथील प्राणिसंग्रहालयात मेला. पांढरा गेंडा त्यांनी आरंभी ठिकठिकाणी पाहिला होता. पुढे थोड्याच वर्षांत त्या मुलखात तो दिसेनासा झाला. हत्ती तर माशीच्या रानात दूर दूर हटत गेले. हे कोणी केले? हस्तिदंत व शिंगे यांच्या लोभाने व्यापाऱ्यांनी बंदुका देऊन पाठविलेल्या शिकाऱ्यांनी, आणि सेलू यांच्यासारख्या गोऱ्या शिकाऱ्यांनी. कोणता प्राणी कोणत्या साली कोठे होता व केव्हा संपला, याची नोंद त्यांनी सराफाच्या वहीसारखी चोख ठेविली. ती नोंद ज्यांच्याविरुद्ध जाते त्यांत ते स्वतःही होते. परंतु म्हणून त्यांनी एकही रकम खोडली नाही.

येथे त्यांच्या धाकट्या बंधूंचे स्मरण करणे अगत्याचे आहे. एडमंड सेलू हे बॅरिस्टर असून पक्ष्यांचे मोठे अभ्यासक होते. पक्षी मारून, पेंढा भरून कपाटात ठेवल्याने त्याचे ज्ञान होत नाही. तो जिवंत असता निमूट बसून त्याला पाहिले पाहिजे, असे त्यांचे मत बनले, आणि जीवहत्येचा त्यांना तिटकारा आला. पक्षिनिरीक्षणावरील त्यांचा ग्रंथ १९०१ साली प्रसिद्ध झाला. एकाच आईच्या पोटी दोन मुलगे. दोघांनाही रानाचे वेड, दोघांचीही दृष्टी तीक्ष्ण. एकाच्या हाती बंदूक, दुसऱ्याच्या हाती केवळ दुर्बीण व वही. आमच्या मते दुसऱ्याचा मार्ग श्रेष्ठ. चिमणीचा जीवही ज्याच्या लक्षाबाहेर नाही, त्याच्या सृष्टीत आपण पाहुणे आहो, हे ज्याला पटले त्याला निराळे सांगावयास नको. तथापि थोरल्याची वही नसती, तर काय गमावले हे आज जगास कळले नसते, हेही तितकेच खरे.

१९१४ साली महायुद्ध पेटले. सेलू तेव्हा ६२ वर्षांचे होते. वय झाले म्हणून सेनाधिकाऱ्यांनी आरंभी त्यांना नाकारले. परंतु त्यांनी पिच्छा सोडला नाही. १९१५ साली रॉयल फ्युझिलियर्सच्या २५ व्या पलटणीत त्यांना घेतले व पूर्व आफ्रिकेत जर्मनांशी लढण्यास पाठविले. उष्णता, ताप व आमांश यांनी तरुण शिपाई पटापट आजारी पडत असता हा वृद्ध कप्तान त्यांच्यापुढे चाले. १९१६ साली शस्त्रक्रियेसाठी त्यांना इंग्लंडास जावे लागले, तरी बरे होताच ते परतले. त्याच वर्षी त्यांना डी. एस. ओ. हे पदक मिळाले. ४ जानेवारी १९१७ रोजी, रुफिजी नदीच्या प्रदेशात बेहो बेहो येथे, शत्रूची जागा न्याहाळीत असता एका दबलेल्या बंदूकधाऱ्याची गोळी लागून ते पडले. त्यांचे वय ६५ वर्षांचे होते. तेथेच एका चिंचेच्या झाडाच्या सावलीत त्यांना पुरले. बरोबर एक वर्षाने, ४ जानेवारी १९१८ रोजी, त्यांचा वैमानिक मुलगाही त्याच युद्धात मरण पावला. त्या मातेच्या दुःखाची कल्पना आमच्या वाचकांतील मातांनीच करावी.

त्यांनी जमविलेला संग्रह त्यांच्या पत्नीने लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्यूझियमला दिला. त्यात ५२४ सस्तन प्राणी असून १९ सिंह आहेत. त्या म्यूझियममध्ये १९२० साली सेलू यांची कांस्यप्रतिमा बसविण्यात आली. परंतु त्यांचे खरे स्मारक निराळेच झाले. ज्या रानात ते पडले, ते रान वन्य प्राण्यांसाठी राखून १९२२ साली त्याला त्यांचे नाव दिले. टांझानिया देशातील हे अभयारण्य आफ्रिकेतील सर्वांत विस्तीर्ण अभयारण्यांपैकी एक असून १९८२ साली ते जागतिक वारसास्थानांच्या यादीत आले. २०१९ साली त्याचा मोठा भाग निराळा काढून त्या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांचे नाव त्याला देण्यात आले. आणि ज्यांची ती भूमी, त्यांच्या थोर पुरुषाचे नाव तिला मिळाले, हे योग्यच झाले.

या रानातही हत्तींचे दुर्दैव संपले नाही. १९७६ च्या गणतीत तेथील हत्ती एक लाखाहून अधिक भरले. २०१३ च्या गणतीत ते सुमारे १३,००० उरले. चोरट्या शिकाऱ्यांनी दातांसाठी हा संहार केला. २०१४ साली त्या अभयारण्याची गणना संकटात असलेल्या वारसास्थानांत करण्यात आली. सेलू यांनी ज्या वहीला आरंभ केला, तिची ही पुढली पाने होत. फक्त लिहिणारे हात बदलले आहेत.

आता विद्यार्थ्यांना दोन शब्द. सेलू यांची पुस्तके मिळाली तर अवश्य वाचा. त्यांची इंग्रजी साधी आहे. सातवी-आठवीच्या पुढील मुलांना कोशाच्या साहाय्याने ती समजेल. वाचताना हत्तीच्या मागे त्यांच्याबरोबर धावा, त्यास आमची हरकत नाही. परंतु हत्ती पडला म्हणजे क्षणभर थांबून त्याच्याकडेही पाहा. लोबेंगुलाच्या दरबारात शिराल, तेव्हा त्या राजाच्या जागी आपण असतो तर, हा विचार करा. आणि शाळेची निसर्गनिरीक्षणाची वही लिहिताना, घरट्यात तीन अंडी दिसली तर तीनच लिहा. चौथे शेजाऱ्याच्या वहीत आहे म्हणून आपल्या वहीत घालू नका. पाहिले नसेल तर पाहिले नाही असे लिहिण्यास लाजू नका. पालकांसही आमची विनंती आहे, की मूल रानातून किंवा ओढ्यावरून येऊन काही सांगू लागले, तर हातचे काम बाजूस ठेवून ते ऐकून घ्यावे, आणि पुन्हा एकदा जाऊन नीट पाहून ये, असे त्याला सांगावे.